पाचशे मायक्रॉनचा हिशेब

१० मे १९९६ च्या पहाटे एव्हरेस्टच्या आग्नेय धारेवर, साधारण ८,४०० मीटर उंचीवर, टेक्ससचे डॉक्टर बेक वेदर्स यांना पुढचं काही दिसेनासं झालं. काही वर्षांपूर्वी त्यांनी चष्मा घालवण्यासाठी डोळ्यांची शस्त्रक्रिया करून घेतली होती आणि सपाटीवर ती उत्तम चालली होती. आता उजाडल्यावर नजर सुधारेल या आशेने ते तिथेच थांबले. आपण शिखरावरून परत येईपर्यंत जागचं हलू नका, असं मोहिमेचे प्रमुख रॉब हॉल यांनी त्यांना बजावलं होतं. हॉल परत आलेच नाहीत. वादळ मात्र आलं आणि त्यात त्या डोंगरावर आठ माणसं गेली. वेदर्स जगले, पण हिमदंशाने त्यांचा उजवा हात कोपराखाली गेला, डाव्या हाताची बोटं गेली, नाक गेलं.

त्यांच्या डोळ्यांचं काय झालं होतं, हे पुढे नीट उलगडलं. त्यांच्या कॉर्नियावर, म्हणजे बुबुळासमोरच्या पारदर्शक पडद्यावर, चिरा पाडलेल्या होत्या. विरळ हवेत कॉर्नियाला प्राणवायू कमी पडला की तो सुजतो. चिरा पाडलेला कॉर्निया सगळीकडे सारखा सुजत नाही. कडेला फुगतो, मध्ये सपाट होतो आणि काही तासांत डोळ्याला मोठा प्लस नंबर येतो. शस्त्रक्रिया करताना हा धोका रुग्णाला कोणी सांगितला नव्हता, कारण ती सुरू झाली तेव्हा तो कोणाला माहीतच नव्हता.

चष्म्याचा नंबर घालवण्याच्या शस्त्रक्रियांना आता पाऊण शतकाहून मोठा इतिहास आहे, आणि त्यात ही गोष्ट पुन्हा पुन्हा घडलेली दिसते. फायदा दुसऱ्या दिवशी दिसतो, धोका दहा-वीस वर्षांनी. म्हणून या इतिहासात यंत्रांइतकंच लक्ष द्यावं लागतं ते रुग्णांच्या नोंदींकडे. किती वर्षं त्यांचा माग ठेवला गेला? त्यांना काय विचारलं गेलं? आणि मुख्य म्हणजे, ‘तुमची शस्त्रक्रिया आम्ही करणार नाही’ असं डॉक्टर कोणाला सांगू लागले, आणि कधीपासून?

सगळा खेळ ज्या पडद्यावर चालतो तो मध्यभागी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा, म्हणजे ५०० ते ५५० मायक्रॉन जाडीचा असतो. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, पण मज्जातंतू विपुल आहेत. म्हणूनच धुळीचा एक कणही डोळ्याला सहन होत नाही. डोळ्यात येणारे प्रकाशकिरण वळवण्याचं जवळजवळ दोन तृतीयांश काम हा कॉर्निया करतो, उरलेलं आतलं भिंग. मायनस नंबरच्या डोळ्यात किरण मागच्या पडद्याच्या, म्हणजे रेटिनाच्या, अलीकडेच एकत्र येतात. कॉर्नियाचा बाक थोडा कमी करता आला तर ते मागे सरकून नेमके रेटिनावर येतील. तत्त्व इतकं सोपं आहे. डच डॉक्टर लान्स यांनी १८९८ मध्येच सशांच्या डोळ्यांवर चिरा देऊन कॉर्नियाचा बाक बदलतो हे दाखवलं होतं.

माणसावर हे धाडस टोकियोच्या त्सुतोमू सातो यांनी केलं. कॉर्निया शंकूसारखा पुढे येण्याच्या रोगात कधीकधी त्याचा आतला थर फाटतो आणि ती जखम भरताना कॉर्निया सपाट होतो, हे त्यांनी पाहिलं होतं. मग हीच फट आपण हेतुपुरस्सर पाडली तर? १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून १९५० च्या दशकापर्यंत त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो डोळ्यांवर बाहेरून आणि आतूनही चिरा दिल्या. १९५३ मध्ये अमेरिकेच्या नेत्रवैद्यकीय नियतकालिकात त्यांचा अहवाल आला. नंबर उतरत होता, रुग्ण खूश होते.

कॉर्नियाच्या सर्वांत आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. कॉर्नियातलं पाणी सतत बाहेर उपसून तो पडदा पारदर्शक ठेवण्याचं काम या पेशी करतात आणि माणसात त्या मेल्या की नव्या तयार होत नाहीत. सातोंच्या काळी हे ज्ञान नव्हतं. आतून दिलेल्या प्रत्येक चिरेने हा थर मारला जात होता. उरलेल्या पेशींनी काही वर्षं काम रेटलं, मग त्याही थकल्या. दहा-वीस वर्षांनी हे डोळे एकामागून एक गढूळ होऊ लागले, त्यांवर फोड येऊ लागले. पुढे ज्या रुग्णांचा माग लागला त्यांतल्या बहुसंख्यांची हीच गत झाली आणि अनेकांना कॉर्नियाचं रोपण करावं लागलं. सातो १९६० मध्ये वारले. आपल्या कामाचा हा शेवट त्यांना पाहावा लागला नाही.

त्याच काळात होसे इग्नासिओ बार्राकेर नावाचा नेत्रशल्यविशारद वेगळ्या वाटेने चालला होता. बार्सिलोनाच्या नामांकित नेत्रवैद्यांच्या घराण्यात जन्मलेले बार्राकेर १९५३ मध्ये कोलंबियाच्या बोगोटा शहरात स्थायिक झाले. चिरा देऊन कॉर्निया कमजोर करण्यापेक्षा त्याच्या आतलाच थोडा भाग नेमका तासून काढावा, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यासाठी त्यांनी कॉर्नियाची पातळ चकती कापणारं यंत्र बनवलं. ती चकती ते गोठवत, कॉन्टॅक्ट लेन्स घडवण्याच्या लेथवर तिला हवा तो आकार देत आणि पुन्हा डोळ्यावर शिवत. हे काम विलक्षण कौशल्याचं होतं आणि बार्राकेरांसारखा हात असलेले लोक जगात फार थोडे होते. गोठवल्याने चकतीतल्या पेशी मरत, नजर परत यायला महिने लागत. तरी आजच्या लेझर शस्त्रक्रियेचा अर्धा भाग बोगोटात तयार झाला, हे ठामपणे म्हणता येतं. उरलेला अर्धा भाग न्यूयॉर्कजवळच्या एका संगणक कंपनीत तयार व्हायचा होता.

त्याआधी जगभर गाजली ती मॉस्कोची पद्धत. स्व्यातोस्लाव फ्योदोरोव हे सोविएत रशियातलं एक प्रचंड व्यक्तिमत्त्व. तरुणपणी एक पाय अपघातात गमावला, १९६० मध्ये देशातलं पहिलं कृत्रिम भिंग डोळ्यात बसवलं, १९९६ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवली आणि २००० मध्ये हेलिकॉप्टर कोसळून मृत्यू आला. ते एक घटना नेहमी सांगत. मायनस नंबरच्या एका मुलाच्या चष्म्याची काच मारामारीत फुटून तिच्या कपच्या कॉर्नियात घुसल्या, आणि जखमा भरल्यावर त्याचा नंबर उतरलेला दिसला. १९७० च्या दशकात त्यांनी सातोंची कल्पना फक्त बाहेरच्या बाजूने राबवली. बाहुलीसमोरचा भाग सोडून त्याभोवती कडेपर्यंत जाणाऱ्या सरळ चिरा, आधी सोळा, मग आठ, पुढे चारसुद्धा. त्यांच्या संस्थेत रुग्ण सरकत्या टेबलांवर झोपवले जात. एक डॉक्टर एक टप्पा करी, टेबल पुढे सरके, पुढचा डॉक्टर पुढचा टप्पा करी. जगभरचे पत्रकार ते पाहायला जात.

१९७८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत पोचली, मग भारतातही आली. अमेरिकेत तिच्यावरून मोठा वाद पेटला, कारण निरोगी डोळ्यावर शस्त्र चालवावं का, हाच मुळात प्रश्न होता. त्यातून या इतिहासातला एक अत्यंत मोलाचा अभ्यास उभा राहिला. अटलांटाच्या जॉर्ज वॉरिंग यांच्या नेतृत्वाखाली, सरकारी पैशाने, नऊ केंद्रांमधल्या ४३५ रुग्णांवर एकाच ठरलेल्या पद्धतीने शस्त्रक्रिया झाली आणि त्यांची दहा वर्षं तपासणी होत राहिली. १९९४ मध्ये निष्कर्ष आले. ८५ टक्के डोळ्यांना चष्म्याशिवाय कामापुरतं चांगलं दिसत होतं. मात्र शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांपासून दहाव्या वर्षापर्यंत ४३ टक्के डोळ्यांचा नंबर प्लसच्या दिशेने एक डायॉप्टर, म्हणजे चष्म्याचा एक नंबर, किंवा त्याहून जास्त सरकला होता. कॉर्निया स्थिरावलाच नव्हता, वर्षागणिक सपाट होत चालला होता. पंचविशीत आनंदाने चष्मा सोडलेल्या माणसाला पस्तिशीतच वाचायला चष्मा लागत होता.

हा अभ्यास दुसऱ्या वर्षी थांबवला असता तर जगाला फक्त पहिला आकडा कळला असता.

आता न्यूयॉर्कजवळच्या यॉर्कटाउन हाइट्समधल्या आयबीएमच्या संशोधन केंद्रात जाऊ. मद्रासमध्ये १९२९ साली जन्मलेले आणि मद्रास विद्यापीठातून पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले रंगस्वामी श्रीनिवासन तिथे १९६१ पासून रसायनशास्त्रज्ञ म्हणून काम करत होते. अतिनील प्रकाशाने प्लॅस्टिकवर बारीक नक्षी कोरता येते का, हा त्यांचा विषय. संगणकाचे सुटे भाग बनवण्यासाठी ते उपयोगाचं होतं. त्यांच्याकडे एक्सायमर लेझर होता. १९७० मध्ये मॉस्कोच्या निकोलाय बासोव यांच्या गटाने शोधलेल्या लेझरांच्या कुळातला हा. त्यातून १९३ नॅनोमीटर लांबीच्या अदृश्य लहरी निघत. सहकारी जेम्स विन आणि सॅम्युअल ब्लम यांच्याशी बोलताना प्रश्न निघाला की, हा प्रकाश प्लॅस्टिक कोरतो, तर जिवंत ऊतीचं काय करेल?

१९८१ सालच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या दुसऱ्या दिवशी, २७ नोव्हेंबरला, श्रीनिवासन घरच्या मेजवानीतल्या टर्कीचा उरलेला तुकडा प्रयोगशाळेत घेऊन आले. लेझरने त्याच्या कूर्चेवर रेघ कोरली. कडा स्वच्छ, आजूबाजूला भाजल्याची खूण नाही. तुलनेसाठी त्यांनी दुसऱ्या, हिरव्या लेझरनेही तसंच करून पाहिलं. तिथे कडा करपली. फरकाचं कारण असं की १९३ नॅनोमीटरच्या प्रत्येक फोटॉनमध्ये रेणूंमधले बंध थेट तोडण्याइतकी ऊर्जा असते. तो प्रकाश वरच्या अत्यंत पातळ थरातच शोषला जातो, तो थर वायू होऊन उडून जातो आणि उष्णता खाली उतरायच्या आत सगळं संपलेलं असतं. एका झोताला कॉर्नियाचा साधारण पाव मायक्रॉन थर निघतो. इतकं बारीक पातं आजवर कोणी घडवलेलं नव्हतं. मानवी केसावर कोरलेल्या खाचांचं त्यांचं छायाचित्र पुढे जगभर छापलं गेलं.

या तिघांना हे डोळ्यासाठी उपयोगी पडेल हे जाणवलं होतं, पण डोळा कसा हाताळायचा हे त्यांना ठाऊक नव्हतं. १९८३ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचे नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल त्यांच्याकडे आले. जनावरांच्या डोळ्यांवर प्रयोग झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रोकेल, श्रीनिवासन आणि सहकारी ब्रॅरेन यांचा लेख प्रसिद्ध झाला. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी श्रीनिवासन, विन आणि ब्लम यांना अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक दिलं. भारतात श्रीनिवासन हे नाव आजही फार थोड्यांच्या कानावर आहे, याची खंत वाटते.

लेझर चिरा देण्यासाठी वापरायचा, असा पहिला विचार होता. ट्रोकेल यांना त्याहून चांगली वाट दिसली. चिरा कशाला, कॉर्नियाचा मधला पृष्ठभागच घडवावा. बर्लिनमध्ये थिओ झायलर यांनी दृष्टी गेलेल्या डोळ्यांवर हे करून पाहिलं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस न्यू ऑर्लिन्सच्या मार्गरीट मॅकडॉनल्ड यांनी एका रुग्ण बाईंच्या दिसणाऱ्या डोळ्यावर ही शस्त्रक्रिया केली. त्या बाईंच्या डोळ्याजवळ कर्करोग होता आणि तो डोळा काढावाच लागणार होता. तो जाण्याआधी त्याचा शास्त्राला उपयोग व्हावा, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. लेझरचा वापर झालेला तो डोळा कसा भरून आला, हे नंतर सूक्ष्मदर्शकाखाली तपासता आलं. आज कोट्यवधी लोक चष्म्याशिवाय वावरतात, त्यात या बाईंच्या दानाचा वाटा आहे.

या पद्धतीत कॉर्नियावरची नाजूक साल आधी खरवडून काढतात आणि मग लेझर चालवतात. साल पुन्हा येईपर्यंत तीन-चार दिवस डोळा चांगलाच दुखतो आणि मोठ्या नंबरांत कधीकधी कॉर्नियावर धूसरपणा येई. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर १९९५ मध्ये तिला परवानगी दिली. लेझर बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांनी आपली पेटंट एकत्र करून प्रत्येक शस्त्रक्रियेमागे २५० डॉलर आकारायला सुरुवात केली. त्यावर १९९८ मध्ये व्यापार आयोगाने तक्रार दाखल केली आणि ही व्यवस्था मोडली.

तोवर क्रीट बेटावरचे योआनिस पालिकारिस यांनी बोगोटा आणि यॉर्कटाउन एकत्र आणले होते. बार्राकेरांच्या यंत्राने कॉर्नियाचा वरचा पापुद्रा कापायचा, पण पुरता सुटा करायचा नाही. पुस्तकाचं पान उलटावं तसा तो बाजूला करायचा, खालच्या थरावर लेझर चालवायचा आणि पान पुन्हा मिटायचं. टाका नाही, वेदना फारशी नाही, दुसऱ्या दिवशी लख्ख दिसतं. या पद्धतीला त्यांनी लॅसिक नाव दिलं. इटलीचे लुचिओ बुरात्तो त्याच सुमारास जवळजवळ त्याच कल्पनेपर्यंत पोचले होते. १९९० च्या दशकात लॅसिक भारतातही आली, आणि लग्नाआधी, नोकरीआधी मुलामुलींचा चष्मा घालवून घेणं हा मध्यमवर्गीय घरांतल्या चर्चेचा विषय बनला.

फायद्याचं पारडं इथे खरोखर जड होतं. पालिकारिसांच्या पद्धतीने आधीच्या सगळ्या पद्धतींचे त्रास एका झटक्यात कमी केले, आणि म्हणूनच पुढचा धोका दिसायला वेळ लागला. त्या धोक्याचं गणित शाळकरी मुलालाही करता येईल. चार्ल्स मनरलिन या अभियंत्याने मांडलेल्या सूत्रानुसार, सहा मिलिमीटर व्यासाचा भाग घडवायचा असेल तर एक डायॉप्टर उतरवायला सुमारे १२ मायक्रॉन ऊती काढावी लागते. उणे चार नंबरला ४८ मायक्रॉन, उणे दहाला १२०. आता ५०० मायक्रॉनचा कॉर्निया घ्या. त्या काळच्या पात्याने कापलेला पापुद्रा १६० मायक्रॉनच्या आसपास, कधी त्याहून जाड. हा पापुद्रा पुन्हा बसवला तरी कॉर्नियाच्या बळात त्याची भर जवळजवळ पडत नाही. म्हणजे ५०० वजा १६० वजा १२०. डोळ्याच्या आतल्या दाबाला तोंड द्यायला उरले फक्त २२० मायक्रॉन.

सुरुवातीच्या उत्साहात उणे बारा-चौदापर्यंतचे नंबरही लेझरने काढले जात होते. १९९८ मध्ये, लॅसिकच्या लाटेच्या ऐन चढावर, थिओ झायलर आणि सहकाऱ्यांनी तीन रुग्णांचा अहवाल छापला. त्यांचा कॉर्निया शस्त्रक्रियेनंतर हळूहळू पुढे फुगत चालला होता, नजर वाकडीतिकडी होत होती, चष्म्यानेही नीट दिसत नव्हतं. ज्यांनी ही पद्धत जन्माला घालायला मदत केली त्यांनीच तिचा सर्वांत गंभीर धोका जगासमोर ठेवला. नेत्रवैद्यकाच्या इतिहासातली ही फार मोठ्या मनाची कृती आहे. त्यानंतर किमान २५० मायक्रॉन खाली राहिलेच पाहिजेत, हा दंडक रूढ झाला. पुढे ड्रेस्डेनमध्ये वोलेन्साक आणि श्पोर्ल यांच्याबरोबर झायलर यांनी कॉर्निया बळकट करण्याचा उपायही विकसित केला. रायबोफ्लेविन, म्हणजे बी-२ जीवनसत्त्व, डोळ्यात थेंबाथेंबाने सोडायचं आणि वर अतिनील प्रकाश टाकायचा; कॉर्नियातले तंतू त्याने एकमेकांना घट्ट बांधले जातात. २००३ मध्ये त्यांचे निष्कर्ष आले. फुगणं बहुतेक वेळा थांबतं, पण गेलेला आकार पुरता परत येत नाही.

जाडीचं गणित सांभाळूनही काही डोळे फुगत होते. शोध घेतल्यावर दिसलं की यांतल्या अनेकांत कॉर्निया मुळातच कमजोर होता, शंकूसारखा होण्याच्या वाटेवर होता, पण रुग्णाला त्याची कसलीच जाणीव नव्हती. इथे महाराष्ट्राचा थेट संबंध येतो. नागपूर परिसरातल्या खेड्यांत तीस वर्षांवरील ४,७११ लोकांचे डोळे तपासणारा मोठा अभ्यास झाला. त्यातून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेखात ४८ डायॉप्टरहून जास्त बाक असलेले कॉर्निया २.३ टक्के लोकांत आढळल्याचं नोंदवलं आहे. निकष फक्त बाकाचा असल्याने हा आकडा थोडा सैल मानला तरी युरोप-अमेरिकेतल्या जुन्या आकड्यांच्या मानाने तो कितीतरी मोठा आहे. ऊन, धूळ, ॲलर्जी आणि सतत डोळे चोळण्याची सवय यांचा या रोगाशी संबंध लावला जातो. म्हणून परदेशी माहितीपत्रकातला धोक्याचा आकडा आपल्याकडे जसाच्या तसा लावणं धोक्याचं आहे. कॉर्नियाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही पृष्ठभागांचा रंगीत नकाशा काढणारी यंत्रं आता शहरांतल्या बहुतेक मोठ्या नेत्ररुग्णालयांत असतात. त्या तपासणीनंतर कितीतरी तरुणांना नकार मिळतो. ते नाराज होऊन दुसऱ्या दवाखान्यात जातात, तेव्हा तिथेही नकारच मिळावा अशी इच्छा धरण्यापलीकडे पहिल्या डॉक्टरच्या हाती काही नसतं.

पात्याचा प्रश्न मिशिगन विद्यापीठातल्या एका अपघाताने सुटला. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला झेरार मूरू यांच्या प्रयोगशाळेत एका विद्यार्थ्याच्या डोळ्यात चुकून अतिशय अल्पकाळाच्या लेझरचा झोत गेला. तपासणाऱ्या रॉन कर्ट्झ या तरुण डॉक्टरला आत पडलेली जखम विलक्षण नेटकी दिसली. त्यातून फेम्टोसेकंद लेझरने पापुद्रा कापण्याचं तंत्र निघालं. पापुद्रा १००-११० मायक्रॉनपर्यंत पातळ आणि सगळीकडे सारखा होऊ लागला. मूरू आणि डॉना स्ट्रिकलँड यांना या लेझरांच्या मुळाशी असलेल्या शोधासाठी २०१८ चं नोबेल मिळालं.

पाठोपाठ पापुद्राच नको, असाही विचार पुढे आला. कॉर्नियाच्या आतच लेझरने एक पातळ चकती कोरायची आणि दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून ती ओढून काढायची. या स्माइल पद्धतीचं आरंभीचं काम जर्मनीत वॉल्टर सेकुंडो यांनी आणि आपल्या शेजारी बडोद्यात रूपल शाह यांनी केलं. अमेरिकेने तिला परवानगी दिली ती २०१६ मध्ये, तोवर भारतात ती रुळलेली होती. मज्जातंतू कमी कापले जातात हा तिचा फायदा. पण कॉर्निया फुगण्याच्या तक्रारी या पद्धतीनंतरही नोंदल्या गेल्या आहेत, आणि थोडा नंबर शिल्लक राहिला तर पुन्हा दुरुस्ती करणं लॅसिकइतकं सोपं नाही.

लॅसिकने पूर्ण विश्वास कमावला तो सैन्याकडून. अमेरिकी नौदलाचे माजी लढाऊ वैमानिक आणि नंतर नेत्रतज्ज्ञ झालेले स्टीव्हन शालहॉर्न यांनी १९९३ पासून नौसैनिकांवर काटेकोर अभ्यास केले. २००७ मध्ये नासाने अंतराळवीरांसाठीही परवानगी दिली. आपल्या हवाई दलाचे नियम वाचले तर धोक्याचा सगळा इतिहास त्यात उतरलेला दिसतो. शस्त्रक्रिया वयाच्या विसाव्या वर्षाआधी झालेली नसावी, तिला किमान बारा महिने उलटलेले असावेत, आधीचा नंबर सहापेक्षा जास्त नसावा आणि शस्त्रक्रियेनंतरची कॉर्नियाची एकूण जाडी ४५० मायक्रॉनपेक्षा कमी नसावी. अठराव्या वर्षी घाईने डोळे करून घेणाऱ्या मुलांनी हे आधी वाचायला हवं.

मात्र नजर तपासण्याचा तक्ता कितीही नीट वाचता आला तरी माणसाला त्रास होऊ शकतो, ही गोष्ट वैद्यकाने सर्वांत उशिरा ऐकली. २५ एप्रिल २००८ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने खुली सुनावणी घेतली. डोळ्यांत सतत टोचणी, रात्री दिव्यांभोवती कडी, एकाच्या दोन प्रतिमा, वाहन चालवणं अशक्य, असं सांगणारे रुग्ण तिथे आले. आपल्या मुलाने शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासात जीव दिला, असं सांगणारे एक वडीलही होते. डॉक्टरांच्या नोंदीत यांतल्या काहींची शस्त्रक्रिया ‘यशस्वी’ होती, कारण तक्त्याची शेवटची ओळ ते वाचत होते.

त्यातून पुढचा अभ्यास झाला, अमेरिकी नौदलातल्या २६२ आणि इतर ३१२ लोकांचा. इथे प्रश्नावली रुग्णांनी स्वतः भरली, डॉक्टरसमोर बसून नव्हे. २०१७ मध्ये आलेले निष्कर्ष दोन्ही बाजूंना पचायला जड होते. ९५ टक्क्यांहून जास्त लोक आपल्या नजरेवर समाधानी होते. पण ज्यांना आधी दिव्यांची कडी, चमक किंवा दुहेरी प्रतिमा यांपैकी कसलाच त्रास नव्हता, त्यांतल्या ४० टक्क्यांहून जास्त लोकांना तीन महिन्यांनी यांपैकी काहीतरी नवं दिसत होतं. आधी कोरडेपणा नसलेल्यांपैकी सुमारे ३० टक्क्यांना तो जाणवू लागला होता. रोजची कामं अवघड व्हावीत इतका त्रास मात्र एक टक्क्याहून कमी लोकांना होता. जवळजवळ निम्म्यांना काहीतरी नवं खटकतं आणि तरीही जवळजवळ सगळे समाधानी असतात, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. दवाखान्यात सांगताना पहिली गाळणं चूक आणि घाबरवताना दुसरी गाळणं तितकंच चूक.

निवड करायची ती या आकड्यांच्या आधाराने. नंबर दोन-एक वर्षं स्थिर, कॉर्निया जाड आणि सुघड, डोळे कोरडे नाहीत, असा पंचविशीतला माणूस उणे चार नंबरचा असेल आणि त्याचा कॉर्निया ५४० मायक्रॉनचा असेल, तर ११० चा पापुद्रा आणि ४८ मायक्रॉन वजा करून ३८२ मायक्रॉन शिल्लक राहतात. त्याचा धोका खरंच लहान आहे. कॉन्टॅक्ट लेन्स घालून झोपणाऱ्या, लेन्स नळाच्या पाण्याने धुणाऱ्या माणसाला कॉर्नियाच्या संसर्गाचा जो धोका असतो, तोही इथे दुसऱ्या पारड्यात टाकला पाहिजे. उणे दहाच्या माणसाला आता डोळ्यात नैसर्गिक भिंगापुढे जादा भिंग बसवण्याचा पर्याय आहे. ती कल्पनाही १९८० च्या दशकात फ्योदोरोव यांच्याकडेच रुजली. चाळिशीचा चष्मा मात्र यांतल्या कशाने टळत नाही, कारण तो आतल्या भिंगाच्या वयामुळे लागतो. रेटिनाचा धोकाही तसाच राहतो. मायनस नंबर जाऊन चष्मा सुटला तरी डोळा आतून लांबच असतो, आणि पडदा सुटण्याची शक्यता लेझरने कमी होत नाही.

१९९० च्या दशकात मुंबई-पुण्यात ज्यांनी ही शस्त्रक्रिया करून घेतली ते आता मोतीबिंदूच्या वयात येत आहेत. मोतीबिंदू काढताना बसवायच्या भिंगाचा नंबर कॉर्नियाच्या बाकावरून काढतात आणि लेझरने घडवलेल्या कॉर्नियावर नेहमीचं सूत्र चुकतं. बसवलेलं भिंग कमी ताकदीचं निघून माणसाला पुन्हा प्लस नंबर येतो. पातळ झालेल्या कॉर्नियावर डोळ्याचा दाबही प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो, त्यामुळे काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. अशा डोळ्यांसाठी नवी सूत्रं आली आहेत आणि ती पूर्वीपेक्षा पुष्कळ अचूक आहेत. तरी डॉक्टर रुग्णाला आधी विचारतात ते शस्त्रक्रियेपूर्वीचा नंबर आणि कॉर्नियाची मापं असलेला जुना कागद घरी आहे का. बहुतेकांकडे तो नसतो. काहींना तर पंचवीस वर्षांपूर्वी लेझर केलं होतं हे डॉक्टरला सांगायचंही सुचत नाही, आणि ते कळतं कॉर्नियाचा नकाशा पडद्यावर उमटल्यावर.